दुधाचेच तर दात

रामसिंग आडेचं दुकान म्हणजे घराच्या ओसरीला टिनाचा आडोसा करून मांडलेल्या तीन फळ्या. मुकुटबनपासून सात-आठ किलोमीटर आत असलेल्या त्या तांड्यात दुसरं दुकान नव्हतं. मागच्या फळ्यांवर मीठ, चहापत्ती, काडेपेट्या, साबण. आणि पुढच्या फळीवर पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला पाच बरण्या. संत्रागोळ्या, चिक्की, खोबऱ्याच्या वड्या, क्रीमची बिस्किटं आणि एकीत सारं मिसळलेलं. या बरण्यांच्या मागे पोत्याच्या घडीवर त्याची नात सोनू बसायची.

सोनू सहा वर्षांची होती. दिसायला चार वर्षांची वाटायची. तांड्यातली पोट्टी नाल्याकडे पळाली की ती दहा पावलं त्यांच्यामागे जायची, मग कमरेवर हात ठेवून थांबायची आणि परत येऊन आजोबाशेजारी बसायची. रडायची नाही. थोडा वेळ धापा टाकायची आणि मग विचारायची, "दादा, एक देतं काय मले?" रामसिंग बरणीचं झाकण उघडून तिच्यापुढे धरायचा. "तूच घे. तुह्यं दुकान हाये."

ती तीन वर्षांची असताना अंगणवाडीत पोरं तपासायची गाडी आली होती. डॉक्टरने तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. नागपूरला गेल्यावर कळलं, हृदयाच्या आतल्या पडद्याला छिद्र आहे. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने कागदावर चित्र काढून सोनूच्या आईला, पुष्पाला, समजावलं. अशी छिद्रं काही पोरांची आपोआप बुजतात. दर सहा महिन्यांनी दाखवायला आणा. नाही बुजलं तर ऑपरेशन करू, सरकारी योजनेतून होईल. तोवर पोरीचं वजन वाढवा.

घरी आल्यावर पुष्पाने हे सारं सासऱ्याला सांगितलं. रामसिंगने त्यातलं एकच वाक्य पक्कं धरलं. वजन वाढवा.

पण सोनू जेवायची कुठं? भाकरीचे दोन घास चावले की तिला दम लागायचा. पुष्पा आणि तिचा नवरा जीवन सकाळी कापसात, तुरीत निघून जायचे, ते दिवस मावळताना यायचे. सासू मानीबाई सोनूच्या जन्माच्या वर्षीच वारली होती. दिवसभर पोरगी आणि म्हातारा, दोघंच. रामसिंग बिस्किटं गोड चहात विरघळवून चमच्याने भरवायचा. साखर घातलेलं दूध बाटलीत भरून तिला मांडीवर निजवायचा आणि ती झोपली तरी बाटली तोंडातून काढायचा नाही. न जाणो, झोपेत अजून दोन घोट जातील. थोडी मोठी झाल्यावर गोळी. गोळी गालात धरून ती दुपारभर शांत बसायची. रामसिंगला वाटायचं, पोटात काहीतरी जाऊन राहिलं आहे.

कापूस घरी आला की गाठोडी मोजायचा काटा ओसरीच्या आढ्याला टांगलेला असायचा. शेवटचं गाठोडं उतरलं की रामसिंग सोनूला धोतरात बसवून काट्याला अडकवायचा. ती झोका घेतल्यासारखी हसायची. "साडेतेरा!" तो ओरडायचा. "मांगच्या वक्ती तेराच होती. पाह्य पुष्पा, वाढली का नाई!"

दात कधी बिघडायला लागले ते पुष्पाला नेमकं सांगता आलं नसतं. सोनू लहान असताना तिच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ दिसली होती. दूध चिकटलं असेल म्हणून पुष्पाने पदराने पुसलं. निघालं नाही. मग ती रेघ पिवळी झाली, मग तपकिरी, आणि चौथ्या वर्षी वरचे चारही दात झिजून हिरडीशी काळे खुंट तेवढे उरले. खालचे पुढचे दात मात्र मोत्यासारखे राहिले. तांड्यातल्या बाया हसून म्हणायच्या, "राहू दे वं. दुधाचेच तर दात. पडतीन अन् नवे येतीन." रामसिंगचंही तेच म्हणणं होतं. त्याचे स्वतःचे दात पासष्टीतही शाबूत होते. बाभळीच्या काडीने घासायचा, पोहऱ्याची दोरी दातात धरून ओढायचा. लहानपणी त्याने साखर पाहिली ती होळी-दिवाळीला. दाताने माणसाचं काही वाईट होतं, हे त्याच्या डोक्यात शिरायलाच जागा नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर सोनूची डाव्या बाजूची खालची दाढ दुखायला लागली. आधी गार पाणी लागलं की ती दचकायची. मग काही न लागताही गाल धरून बसायला लागली. पुष्पाने लवंग कुटून कापसाच्या बोळ्यात घालून दाढेत बसवली. आठ-दहा दिवस पोरीने कण्हत काढले. आणि एक दिवस दुखणं थांबलं. आपोआप, एकदम. सोनू सकाळी उठली ती हसतच. पुष्पाने सेवालाल महाराजांच्या तसबिरीपुढे अगरबत्ती लावली आणि कापूस वेचायला गेली.

महिनाभराने वेणी घालताना तिला दिसलं, त्याच दाढेखाली हिरडीवर मसुराच्या दाण्याएवढा फोड आहे. दाबला तर पू आला. "दुखते काय वं?" "नाई याडी," ती आईला म्हणाली. फोड फुटला, बसला, पुन्हा आला. वेचणीचे दिवस होते, शेतात बोंडं फुटून पांढरी झाली होती. पुष्पा मनात म्हणाली, वेचणी झाली की दाखवू. दुखत तर नाही.

जानेवारीत नागपूरहून फोन आला. छिद्र बुजलेलं नाही, फेब्रुवारीच्या शेवटी ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. त्याआधी दाताच्या डॉक्टरकडून तोंड तपासून तसा कागद आणा.

"दाताचा अन् छातीचा काय संबंध?" जीवनने विचारलं. पुष्पालाही माहीत नव्हतं.

मारेगावला डॉक्टर सुरभीचा दाताचा छोटा दवाखाना होता. त्या तिकडच्याच एका शेतकऱ्याची मुलगी, नागपुरात शिकून परत आलेली. पुष्पा सोनूला घेऊन निघाली तेव्हा रामसिंग नातीला खांद्यावर बसवून फाट्यापर्यंत सोडायला आला. बस आली तेव्हा तो सुनेला म्हणाला, "मॅडमले सांगजो, लेकराले दुखू नोको देऊ म्हना."

सोनूला डॉक्टरांची सवय होती. खुर्चीवर बसून तिने न सांगता तोंड उघडलं. सुरभी मॅडमने छोटा आरसा आत घातला, दिवा फिरवला, एक एक दात पाहिला. फोडाशी येऊन थांबल्या.

"हा किती दिवसांपासून आहे, ताई?"

"झाले असतीन... थोडे दिवस."

"आधी दाढ दुखत होती?"

"हाव. मंग थांबली. आपोआप बरी झाली."

सुरभीने आरसा खाली ठेवला. "बरी नाही झाली, ताई. दाताच्या आत जिवंत नस असते. कीड वरचं कवच फोडून त्या नसेपर्यंत पोचली तेव्हा दुखत होतं. मग नस मेली. मेलेली नस दुखत नाही. म्हणून थांबलं. पण जंतू थांबले नाहीत, ते मुळातून खाली हाडात गेले. त्याचा हा पू."

पुष्पा खुर्चीची कड धरून उभी राहिली.

"हिला गोड कोण देतं?" सुरभीने विचारलं. आवाज थोडा चढला होता. "दिवसभर तोंडात गोड असल्याशिवाय असे दात होत नाहीत. पुढचे दात बाटलीने गेलेत. झोपेत दूध वरच्या दातांवर साचून राहतं, खालच्यांवर जीभ असते म्हणून ते वाचलेत. दाढा चिकट गोळ्यांनी गेल्यात. कोण देतं इतकं?"

पुष्पाच्या डोळ्यांपुढे फाट्यावर उभा असलेला म्हातारा आला. बस वळेपर्यंत हात वर धरून उभा होता.

"मीच देतो, मॅडम," ती म्हणाली.

सुरभीने तिच्याकडे पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, बोंडांच्या काट्यांनी चिरलेली बोटं. मग ती स्टूल ओढून पुष्पासमोर बसली आणि हळू बोलायला लागली. सगळ्यांच्याच तोंडात जंतू असतात, ती म्हणाली. आपण गोड खाल्लं की तेही खातात आणि आंबट करून सोडतात. त्या आंबटाने दात विरघळतो, थोडा थोडा. मध्ये वेळ मिळाला तर लाळ ते भरून काढते. पण घटकेघटकेला गोड असलं तर लाळ तरी काय करणार? आणि दुधाच्या दातांचं कवच पातळ. एकदा भोक पडलं की आत जायला वेळ लागत नाही.

"अन् छातीचं?" पुष्पाने विचारलं.

"पू आहे तिथून जंतू रक्तात जातात. तुमच्या-माझ्या रक्तात गेले तर शरीर त्यांना मारून टाकतं. पण हिच्या हृदयात छिद्र आहे. तिथं रक्त जोरात आपटतं, खरबरीत जागा तयार होते. जंतू तिथं चिकटून बसू शकतात. म्हणून आधी दात." तिने कागदावर औषध लिहिलं. "हे पाच दिवस द्या. मी नागपूरच्या डॉक्टरांशी बोलून घेते, हिचे दात काढायचे तर आधी कोणतं औषध द्यायचं ते विचारते. दहा दिवसांनी या. आणि गोड बंद. एकदम बंद."

घरी आल्यावर पुष्पाने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि ओसरीत उभं राहून सासऱ्याला सांगितलं, "बा, मॅडमनं गोड बंद सांगतलं. दात काढाचे हायेत."

"एक गोळीबी नाई?"

"नाई."

"मंग ती खाईन काय?"

पुष्पा पिशवीतून सोनूचं औषध काढायला लागली. का बंद, ते तिने सांगितलं नाही आणि रामसिंगने विचारलं नाही. त्याच दुपारी त्याने पाचही बरण्या उतरवून घरातल्या माळ्यावर ठेवल्या. तांड्यातली पोरं येऊन परत गेली. सोनूने पहिले दोन दिवस हट्ट धरला. तिसऱ्या दिवशी रामसिंगने शेंगदाणे भाजून, बारीक कुटून तिच्या तळहातावर ठेवले. तिने चाटून पाहिले. "चांगले हायेत," ती म्हणाली, पण त्याचं मन राखायला म्हणाली.

औषध चालू होतं तोवर फोड बसलेला होता. औषध संपलं आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी सोनूचं अंग तापलं. सकाळी ताप उतरला. संध्याकाळी पुन्हा. मुकुटबनच्या डॉक्टरने तापाची बाटली दिली. दात काढायचा दिवस आला तेव्हा जीवन म्हणाला, "तापात दात काढत नाईत. उतरला का नेऊ." पुष्पालाही ते पटलं. असा रोज संध्याकाळी येणारा ताप नऊ दिवस चालला. सोनू खाटेवर पडून राहायला लागली. तिच्या बोटांच्या टोकांवर बारीक लाल ठिपके दिसायला लागले, ते डासांचे असतील असं त्यांना वाटलं.

दहाव्या दिवशी सुरभी मॅडमचा फोन आला. "ताई, तुम्ही आला नाहीत."

"ताप हाये मॅडम तिले. उतरला का येतो."

मॅडम म्हणाल्या, "किती दिवस झाले? ताई, नीट ऐका. माझ्याकडे आणू नका. आत्ता, अशीच्या अशी नागपूरला न्या. मी तिथं फोन करते. उद्यावर टाकू नका."

जीवनने तांड्याच्या प्रमुखाची, नायकाची, जीप आणली. रामसिंग कोणी काही म्हणायच्या आधीच मागच्या सीटवर जाऊन बसला आणि सोनूला मांडीवर घेतलं.

नागपूरला डॉक्टरांनी छातीवर यंत्र फिरवून पाहिलं. छिद्राच्या कडेला जंतूंचा लहानसा गोळा बसला होता. सलाईनमधून औषध सुरू झालं. सहा आठवडे द्यावं लागेल, डॉक्टर म्हणाले, मग ऑपरेशनचं पाहू. पोरं यातून बरी होतात, पण धोका आहे. तो त्यांनी लपवला नाही.

औषधाने पहिल्या आठवड्यात ताप उतरला. सोनू उठून बसायला लागली. हाताला सुई टोचलेली, पट्टी बांधलेली. शेजारच्या खाटेवरच्या मुलीला ती आपल्या दुकानात काय काय मिळतं ते सांगायची. एक दिवस तिने आजोबाला विचारलं, "दादा, दुकान कोन पाहून राह्यलं?"

"बंद हाये. तुह्याबिगर कसं चालन?"

"मंग साऱ्याईनं मीठ कुठून आनलं असन?"

"मुकुटबनातून आनत असतीन."

"एवढ्या दूर?" तिला ते बरं वाटलं नाही. "तू जाय दादा घरी. दुकान उघड. मी येतो मंग."

"तुले संग घेऊनच जातो," रामसिंग म्हणाला.

त्याच दिवशी दुपारी डॉक्टर पाहायला आले. तरुण होते, मायाळू होते. रामसिंग हात जोडून त्यांच्यामागे दारापर्यंत गेला. "साहेब, एक इचारू? हे जंतू आले कुठून? घरात आमी सारे धडधाकट हावो."

डॉक्टर थांबले. म्हाताऱ्याला समजेल असं सोपं करून म्हणाले, "बाबा, बहुतेक दातातून. तिचे दात किडले आहेत ना, तिथं पू होता. गोडाने दात किडतात आणि ते जंतू रक्तातून हृदयात येतात. छिद्र होतंच, त्यांना जागा मिळाली."

पुष्पा खाटेजवळून हे ऐकत होती. डॉक्टर गेले तरी रामसिंग दारातच होता. त्याने वळून पुष्पाकडे पाहिलं. पुष्पाने पदर पुढे ओढला आणि सोनूची चादर सारखी करायला लागली. ती सारखीच होती.

त्यानंतर रामसिंग नातीजवळ बसायचा, पण तिच्याशी बोलताना तिच्या तोंडाकडे पाहायचा नाही. हाताकडे पाहायचा.

सतराव्या दिवशी सकाळी सोनू दूध पीत होती. पेला तिच्या उजव्या हातातून सुटला. "काहून सांडलं वं?" पुष्पा म्हणाली आणि वर पाहिलं तर पोरीचं तोंड एका बाजूला ओढलेलं. सोनूने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. शब्द झाला नाही. जंतूंच्या गोळ्याचा एक तुकडा सुटून मेंदूत गेला होता. तिला काचेच्या खोलीत नेलं. दोन दिवसांनी, दुपारी अडीचच्या सुमाराला, ती गेली.

तांड्याबाहेर पळसाच्या झाडाखाली तिला पुरलं. लहान लेकरं जाळत नाहीत. जीवनने माती लोटली. रामसिंगने एक मूठ घेतली ती टाकेचना. शेवटी कोणीतरी त्याची बोटं उघडली.

तिसऱ्या दिवशी रामसिंगने माळ्यावरच्या बरण्या उतरवल्या आणि घरामागे खड्डा खणून सगळं त्यात ओतलं. वर माती टाकून पायाने दाबली. पुष्पाने दारातून पाहिलं आणि आत गेली.

आठव्या दिवशी पुष्पा चुलीशी भाकरी थापत होती. रामसिंग दारात येऊन उभा राहिला.

"पुष्पा, मारेगावच्या मॅडमनं तुले पयलेच सांगतलं होतं काय? गोडानं होते म्हनून?"

"हाव, बा."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

पुष्पाने भाकरी तव्यावर टाकली. तिने का सांगितलं नव्हतं? त्याला वाईट वाटू नये म्हणून. पोरगी बरी होईल आणि हे सांगायची वेळच येणार नाही म्हणून.

"मीच मारलं तिले," रामसिंग म्हणाला. "ह्या हातानं."

नाही बा, असं म्हणू नका. एवढंच म्हणायचं होतं. पुष्पाला ते शब्द माहीत होते. पण त्यांच्या खाली दुसरं काहीतरी होतं, काळं आणि जड, ते म्हणत होतं, हो, तुम्हीच. तिने भाकरी उलटली. पाणी फिरवलं. पुन्हा उलटली. रामसिंग भाकरी फुगेपर्यंत उभा राहिला, मग निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घोंगडी आणि लोटा उचलला आणि शेतातल्या झोपडीत राहायला गेला.

जीवन रोज दुपारी भाकरी घेऊन जायचा. "घरी चाल म्हनलं तर बोलतच नाई," तो येऊन सांगायचा. "अर्धी भाकर कुत्र्याले टाकते. तू एकदा जाऊन पाह्य ना." पुष्पा भाकरी बांधून द्यायची. जायची नाही. महिना होत आला. पळसाला फुलं येऊन गळाली.

मग एक दिवस सुरभी मॅडम आल्या. स्वतःच्या स्कूटीवर, पत्ता विचारत विचारत. पुष्पाने त्यांना खाट टाकून दिली, पाणी दिलं. मॅडमनी बंद टिनाकडे पाहिलं, रिकाम्या फळ्यांकडे पाहिलं.

"दुकान कोणाचं, ताई?"

"सासऱ्याचं."

"ती तिथं बसायची?"

पुष्पाने मान हलवली.

"मला त्या दिवशी वाटलं होतं, तुम्ही खोटं बोलताय म्हणून," सुरभी म्हणाली. "दिवसभर कापसात असणारी आई दिवसभर गोड कशी देईल? पण मी विचारलं नाही. मी तेव्हा रागावले होते. माझ्याकडे येतात त्या लेकरांना गोड देणारा माणूस दुष्ट कधी नसतो, ताई. घरात सगळ्यात जास्त जीव लावणारा तोच असतो." ती थांबली. "मीही रोज एकच विचार करते. दहा दिवसांनी या, असं म्हणायला नको होतं. त्याच दिवशी नागपूरला पाठवायला हवं होतं. औषधाने आवरेल असं वाटलं मला."

पुष्पाने पहिल्यांदा नीट तिच्याकडे पाहिलं. पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. डोळ्यांखाली काळं झालं होतं. पुष्पाने उठून तिच्यासाठी चहा ठेवला. मॅडमनी साखर नको म्हटलं नाही, घालून दिला तसा प्यायल्या.

त्या गेल्यावर पुष्पाने भाकरी बांधली. जीवन उठायला लागला तर म्हणाली, "मी जातो आज."

शेतात कापसाच्या पळाट्या उपटून ढीग लावलेले होते. रामसिंग झोपडीच्या सावलीत बसून दोरी वळत होता. सून एकटी येताना पाहून तो गडबडला, पागोटं शोधायला लागला. महिनाभरात तो निम्मा झाला होता. पुष्पाने डोक्यावर पदर घेतला, भाकरी त्याच्यापुढे ठेवली आणि थोडं दूर, मातीत बसली. तांड्याच्या रीतीने सून सासऱ्यासमोर अशी बसत नाही. पण उभं राहून ते सांगता आलं नसतं.

"बा, मले एक सांगाचं हाये."

त्याचे हात थांबले.

"तिच्या दाढेखाली फोड आलता. म्या पाह्यला होता."

"कवा?"

"वेचनीच्या टायमाले. येनी घालताना. पू येत होता. दोन महिने पाह्यत होतो मी. म्हनलं, कापूस झाला का नेऊ. दुखत नाई म्हने ती, म्हनून राहू देला." ती मातीत बोट फिरवत होती. "मॅडमनं इचारलं, किती दिवसाचा हाये. म्या खोटं सांगतलं. थोडे दिवस म्हनलं. खरं सांगतलं असतं तर मॅडमनं तवाच नागपूरले पाठवलं असतं. अन् तुमी त्या दिवशी चुलीपाशी आले, मीच मारलं म्हनलं, तवा म्या तुमाले म्हनू देलं. मले वाटलं, तुमच्याच अंगावर राहू द्या सारं. माह्यावर नाई येनार."

एवढं बोलून ती थांबली. रामसिंग काय म्हणेल याची तिला भीती वाटत होती. तो शिव्या देईल, उठून जाईल, किंवा तिने केलं तसंच करील. गप्प बसेल.

रामसिंगने हातातली दोरी खाली ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठला, तिच्यापर्यंत आला आणि वाकून तिच्या डोक्यावर, पदरावर, हात ठेवला. लग्न होऊन या घरात आल्यापासून नऊ वर्षांत सासऱ्याचा हात तिला कधी लागला नव्हता. त्या हाताला सुंभाचा वास येत होता.

"तू लेकरू होती तिची याडी होताना," तो म्हणाला. "आन् मी तर म्हातारा होतो. मले कळाले पायजे होतं."

"कोनाले कळत नाई, बा."

"नाई कळत," तो म्हणाला. आणि तिथंच, उभ्याउभ्या, मोठ्याने रडायला लागला. नातीला पुरतानाही तो रडला नव्हता. पुष्पा त्याच्या पायाशी बसून रडली. बाजूच्या शेतातला भावसिंग आवाज ऐकून बांधावर आला, दोघांना पाहिलं आणि परत गेला.

त्या दिवशी रामसिंग घरी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घोंगडी खांद्यावर टाकून आला आणि काही झालंच नाही अशा रीतीने जीवनला म्हणाला, "बैलाले पानी पाजलं काय रे?"

दुकान त्याने पुन्हा उघडलं नाही. फळ्या काढून गोठ्याला लावल्या. आता तो सकाळी सुनेबरोबर शेतात जातो, दुपारी तिघं बांधावरच्या बोरीखाली जेवतात. कधी काम करता करता मध्येच पुष्पा म्हणते, "सोनू असती तर..." मग रामसिंग विळा खाली ठेवतो आणि पिकातल्या तासाच्या पार टोकापर्यंत एकटाच चालत जातो. ती थांबते. तो परत आला की दोघं पुन्हा कामाला लागतात.